खळीचा कोट आणि उजवा पाय

ती. आत्याला,

भाच्याचा वाकून नमस्कार. नमस्कार दोन्ही पायांना आहे, उजव्याला अंमळ जास्त. तुझी प्रकृती उत्तम असेल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, नाहीतर तूही फोनवर तेच सांगतेस. मी विचारतो, साखर कशी आहे? तू म्हणतेस, बरी आहे. मी विचारतो, पायाच्या अंगठ्याचं काय? की त्याच क्षणी तुझ्या लॉन्ड्रीत गिऱ्हाईक येतं. इतकी गिऱ्हाइकं खरोखर येत असती तर तू आतापर्यंत दुसरी शाखा काढली असतीस. सुट्टीत आलो होतो तेव्हा भर उन्हाळ्यात तू मोजे घालून बॉयलरपाशी उभी होतीस. विचारलं तर म्हणालीस, चप्पल चावलीय, जरा जखम झालीय, पण अजिबात दुखत नाही, म्हणजे काही नाही. मी गप्प बसलो, कारण तेव्हा आमचा तो धडा व्हायचा होता. आता तो झालाय. पण या पत्रात अंगठ्याचा विषय काढायचा नाही असं मी ठरवलंय, तेव्हा निर्धास्त वाच. (पत्र अशासाठी की ते मध्येच ठेवून देता येत नाही. कपडा भट्टीत टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून बघणारी बाई पत्र अर्धवट सोडणार नाही, हे मला माहीत आहे.)

पत्रास कारण की मी पास झालो. आणि दुसरं कारण म्हणजे एक कोट, पण त्याचं शेवटी सांगतो. आधी हे ऐक की मी पास तुझ्यामुळं झालो, आणि आमच्या नर्सिंग कॉलेजात तुला एकाही माणसानं पाहिलेलं नसताना तुझं नाव निघालं की लोक आदरानं मान हलवतात.

त्याचं असं झालं. पेशी हा आमचा पहिला मोठा विषय. पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात लहान जिवंत तुकडा, डोळ्यांना न दिसणारा, आणि त्याच्या आत इतकी मंडळी राहतात की पुस्तकातलं चित्र बघून मला लग्नाच्या हॉलची आठवण झाली. कोण कुणाचा कोण, काही कळेना. माझ्या शेजारी बसणारी मुलगी (तिला आम्ही छापखाना म्हणतो, कारण ती पुस्तक स्वल्पविरामांसकट पाठ म्हणते) एका दमात सगळी नावं सांगायची आणि माझ्या तोंडचं पाणी पळायचं. आणि शिकवायला दीर्घश्वास मॅडम. हे नाव मीच ठेवलं, आणि आता त्याची लाज वाटते, कारण इतकी थोर शिक्षिका मी दुसरी पाहिलेली नाही. त्या प्रश्न विचारण्याआधी एक लांब श्वास घेतात. त्या श्वासात सगळा वर्ग आपापले अपराध आठवून घेतो. एक दिवस त्यांनी तसा श्वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, काय काम करतं ते विचारलं. माझं डोकं धुतलेल्या चादरीसारखं कोरं झालं. आणि तोंडातून निघून गेलं की मॅडम, ते आमच्या आत्याचं काउंटर आहे.

वर्ग हसला. छापखाना तर बाकावर डोकं ठेवून हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, समजावून सांग. मग काय, मी सुरूच झालो. म्हटलं, आमची आत्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभी असते. मळका कपडा आत येतो तो तिच्या हातून, स्वच्छ बाहेर जातो तो तिच्या हातून. शाईचा डाग लपवून आणणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवते, आणि शेजारचा शिंपी गप्पा मारायला आत घुसू पाहतो त्याला नुसत्या भुवईनं थोपवते. भिंत असती तर काहीच आत-बाहेर झालं नसतं, उघडं मैदान असतं तर दुकान लुटलं गेलं असतं. काउंटर दोन्ही नाही, म्हणून दुकान चालतं. मॅडम म्हणाल्या, पुढं. पुढं म्हटल्यावर मला थांबता येईना. मग मधलं केंद्रकही तूच झालीस, कारण कुणाच्या शर्टाला कडक घडी लागते आणि कुणाला घडीचं वावडं आहे हे सगळं तुझ्या डोक्यात असतं आणि तू जागेवरून न हलता आत चिठ्ठ्या पाठवतेस. चिठ्ठी वाचून प्रत्यक्ष काम करणारे रिबोसोम म्हणजे आपले इस्त्रीकाका. घडी घालून, कागदात बांधून, खुणेचा टॅग लावणारं मागचं फडताळ म्हणजे गॉल्जी. झाकण घट्ट लावलेला ब्लीचचा डबा म्हणजे लायसोसोम. डब्यात आहे तोवर डाग खातो, फुटला तर दुकान खाईल. आणि या सगळ्यांना ऊर्जा देणारा मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपला बॉयलर, जो हवा मिळेनाशी झाली की आधी कुरकुरतो आणि मग सगळ्यांना घरी बसवतो. मी बोलायचा थांबलो तेव्हा वर्गात कुणीच हसत नव्हतं. छापखाना लिहून घेत होती.

आत्या, खरं सांगतो, त्या दिवसापासून मला पेशीचं भारी कौतुक वाटायला लागलं. इतक्या लहान जागेत इतकी शिस्त, आणि कुणी मालक नजर ठेवायला उभा नाही. आपण जेवतो, झोपतो, भांडतो, आणि आत त्या बिचाऱ्या काउंटर सांभाळत असतात. आपल्या अंगात अशा किती लॉन्ड्र्या आहेत ते मॅडमनी सांगितलं होतं, पण तो आकडा ऐकून मी मोजण्याचा नाद सोडला.

तर मॅडमनी ठरवलं की बाहेरून परीक्षक बाई येतील तेव्हा आमच्या तुकडीनं त्यांच्यासमोर आत्याची लॉन्ड्री उभी करायची आणि पेशीला इजा कशी होते ते करून दाखवायचं. प्रात्यक्षिकाच्या खोलीतल्या खाटा बाजूला सरकवल्या. पेशीपटल म्हणून कपडे वाळत घालायची दोरी खुर्च्यांना गोल बांधली, एका जागी दार ठेवलं आणि दारावर मला उभं केलं. माझं पात्र म्हणजे सोडियमचा पंप. काम असं की तीन सोडियम बाहेर ढकलायचे आणि दोन पोटॅशियम आत घ्यायचे, हे एकसारखं, न दमता, जन्मभर. सोडियम म्हणून खालच्या वर्गाची पोरं आणली होती आणि त्यांना सांगितलं होतं की तुमची एकच इच्छा, आत शिरायची. (त्यांना अभिनय करावा लागला नाही. आत बिस्किटं होती.) प्रत्येक सोडियमच्या मागं त्याचा एक दोस्त, तो पाणी. सोडियम जिथं जाईल तिथं पाणी मागोमाग, बोलावलेल्या पाहुण्यामागं न बोलावलेलं पोर यावं तसं.

बिस्किटांचं सांगायचं राहिलं. पंप फुकट चालत नाही. दर खेपेला ऊर्जा लागते, ती आम्ही बिस्किटाची केली. बिस्किटं द्यायला मायटोकॉन्ड्रिया म्हणून माझा खोलीतला सोबती बसवला. त्याला वसतिगृहात आधीपासूनच बॉयलर म्हणतात, कारण तो खातो खूप आणि तापतो लवकर. आणि बॉयलरला बिस्कीट द्यायला ऑक्सिजन हवा. ऑक्सिजन म्हणजे निळे फुगे. ते आणायचं काम छापखान्याकडं. लाल साडी नेसून ती रक्तातली तांबडी पेशी झाली होती. फुगा आला की बिस्कीट, बिस्कीट आलं की मी तीन पोरं बाहेर हाकलणार. ऑक्सिजन आलाच नाही तर बॉयलरनं अर्धं तुटकं बिस्कीट आणि सोबत एक लिंबाची गोळी द्यायची. कारण हवेशिवायही पेशी थोडा वेळ रेटून नेते, पण आंबट आम्ल साचत जातं आणि मग आतल्यांची डोकी चालेनाशी होतात. हे सगळं मॅडमच्या डोक्यातून आलं. मी फक्त दारवान.

तालमीच्या दिवशी छापखाना चहाला अडकली. फुगे येईनात. बॉयलरनं अर्धी बिस्किटं दिली, गोळ्या दिल्या, मग हात वर केले. मी तत्त्वाचा माणूस, बिस्कीट नाही तर काम नाही, मी हाताची घडी घालून उभा राहिलो. सोडियम आत, मागोमाग पाणी आत, बघता बघता दोरी फुगून खुर्च्या कलल्या, आणि रिबोसोम झालेला एक उंच मुलगा बाकावरून घसरून खाली बसला. (नंतर पुस्तकात पाहिलं तर खरोखरच लिहिलंय की पेशी सुजली की रिबोसोम आपल्या जागेवरून निखळतात. तो मुलगा तेव्हापासून स्वतःला नैसर्गिक कलावंत समजतो.) एवढ्यात छापखाना पदरानं तोंड पुसत फुगे घेऊन आली. बॉयलरला हुरूप आला, मला बिस्किटं मिळाली आणि मी एकेकाला धरून बाहेर काढलं. दोरी पुन्हा जागेवर. रिबोसोम बाकावर. मॅडम म्हणाल्या की ही भरून येणारी इजा. पेशी सुजली होती, थकली होती, पण मेलेली नव्हती. वेळेवर हवा मिळाली आणि सावरली. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते जेवताना दोनदा म्हटलं.

आता परीक्षेचा दिवस. परीक्षक बाई पहिल्या रांगेत, अंगात काळा कोट, पायात काळे बूट, चेहऱ्यावर काही नाही. खेळ सुरू झाला, पहिल्या फुग्यावर झकास चालला, आणि दुसरे फुगे येईचनात. मला वाटलं पुन्हा चहा. पण बिचारी छापखाना खालच्या दारात होती आणि तिला वॉचमननं अडवलं होतं. त्याचं म्हणणं, इमारतीत वाढदिवस साजरे करायला बंदी आहे. ती म्हणाली, हा वाढदिवस नाही, हा ऑक्सिजन आहे. तो म्हणाला, ऑक्सिजन मागच्या गेटनं येतो, सिलिंडरमधून, त्याची पावती असते. ती म्हणाली, मी तांबडी रक्तपेशी आहे. तो म्हणाला, मग ओळखपत्र दाखवा. (या माणसाला मी दोष देत नाही. तोही एक काउंटरच.)

इकडं वर आमची दशा काय सांगू. अर्धी बिस्किटं संपली. गोळ्यांचा ढीग झाला. सोडियमची पोरं तालमीपासून शहाणी झाली होती, या वेळी मित्रांचे मित्र घेऊन आली होती. मी एका हातानं थोपवायला गेलो, पण उपाशी पंप कितीसा टिकणार, माझ्या नाकी नऊ आले. दोरी फुगली, ताणली, आणि फळ्याजवळच्या खुर्चीपाशी तटकन तुटली. मग जे झालं ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लायसोसोम झालेल्या मुलीच्या हातात ब्लीच म्हणून खडूच्या भुकटीचा डबा होता. धक्क्यानं त्याचं झाकण उडालं आणि केंद्रक, फडताळ, परीक्षक बाईंचे बूट, सगळं पांढरं. बॉयलर बाकाखाली. रिबोसोम कुठं गेला ते आम्हाला थोड्या वेळानं कळलं, तो फळ्यामागं होता.

आणि तेवढ्यात वरातीमागून घोडं यावं तशी छापखाना आली. हातात सगळे निळे फुगे, शेवटी वॉचमनच्या साहेबांची सही घेऊन आलेली. बॉयलरनं बाकाखालूनच हात लांब केला आणि माझ्या हातात एक अख्खं बिस्कीट ठेवलं. आत्या, मी ते बिस्कीट घेऊन उभा राहिलो. हवा आली होती, ऊर्जा हातात होती, मी धडधाकट होतो आणि काम करायला तयार होतो. पण दारच राहिलं नव्हतं. आत कोण आणि बाहेर कोण तेच कळेना, मग हाकलायचं कुणाला? मी तसाच उभा. सगळे हसत होते आणि मला हसू येत नव्हतं.

परीक्षक बाईंनी बुटावरची भुकटी झटकली नाही. त्या म्हणाल्या, अशी न भरून येणारी इजा इतकी स्पष्ट आपण अजून पाहिलेली नव्हती, आणि मॅडमना विचारलं की हे बसवायला किती दिवस लागले. मॅडमनी आयुष्यातला सर्वात लांब श्वास घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. (थोर बाई, म्हटलं ना.) मग परीक्षक बाई माझ्याकडं वळल्या. विचारलं, तालमीत आणि आज फरक काय पडला? मी म्हटलं, फक्त उशिराचा. फुगे तेच, बिस्किटं तीच. मग त्यांनी विचारलं, साखरेच्या जुन्या रुग्णाला पायाला जखम झाली आणि तो म्हणाला की मुळीच दुखत नाही, तर तू काय समजशील?

आता बघ, मी विषय काढला नाही, त्यांनी काढला. मला आपल्या काउंटरची बेल आठवली. मागे तिची तार आतून निसटली होती आणि तू दिवसभर म्हणत होतीस, आज काय शांत आहे, आज काय निवांत आहे, आणि बाहेर अर्धी गल्ली बेल दाबून दाबून चिडून उभी होती. तेच सांगितलं. म्हटलं, साखरेनं नसांनाही इजा होते. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही, बेलची तार तुटली असेल. गिऱ्हाईक दारात उभंच असेल. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं आणि पहिल्यांदाच हसल्या. मी पास झालो, आमची सगळी तुकडी पास झाली, आणि वॉचमनला मॅडमनी बिस्किटांचा उरलेला पुडा दिला.

आता कोट. पुढच्या बुधवारी मला पहिल्यांदा वॉर्डात उभं राहायचंय आणि खळ घातलेला कोट हवा. इथल्या धोब्याची खळ म्हणजे नुसतं पाणी, कॉलर दुपारपर्यंत मान टाकते. तुझ्या हातची खळ हवी. पार्सलनं पाठवू नकोस, घडी मोडेल. इस्त्रीकाकांच्या हातीही नको, ते बसमध्ये त्यावरच बसतील. तू स्वतः घेऊन ये. सकाळच्या बसनं, दहापर्यंत. मी फाटकापाशी उभा असेन.

घरच्या मंडळींना, म्हणजे बॉयलरला आणि मांजराला, माझा नमस्कार सांग.

तुझा,
दारवान

ता. क. : तू खिसे तपासतेसच, तेव्हा तळाला काय ठेवलंय ते सांगून टाकतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. बुधवारी इथं पायांच्या जखमांची ओपीडी असते. तुझं नाव मी लिहून आलोय. डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत, ओरडत नाहीत. ओरडायचं काम माझ्याकडं आहे.

ता. क. दुसरा : इस्त्रीकाकांवर रागावू नकोस. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस फोन करून त्यातलं एक तुझ्या मोज्यावर खर्च करतो, तेव्हा त्याला किती काळजी वाटली असेल ते समज. मोजा अंगठ्याला चिकटतो आणि तू तो कोमट पाण्यात भिजवून सोडवतेस, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढचं मला न सांगता कळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, झाकलेल्या अंगठ्याचं तसं नसतं. बुधवारी सकाळी ते बॉयलर पेटवणार नाहीत. तू बसमध्ये बसलीस की ते मला फोन करतील आणि मगच काडी लावतील.

ता. क. तिसरा : मला भीती वाटते, आत्या. तुला मी कुठल्याच गोष्टीला घाबरलेलं पाहिलं नाही, म्हणून तुझ्या वाटचं मी घाबरतो. सुजलंय पण मेलेलं नाही, एवढं मला डॉक्टरीणबाईंच्या तोंडून ऐकायचंय. हातात बिस्कीट घेऊन नुसतं उभं राहणं एकदा झालं. तेवढं पुरे.

ता. क. शेवटचा : कोटाचं खोटं होतं. तू सुट्टीत करून दिलेला कोट अजून तसाच टांगलेला आहे, कॉलर ताठ. तेव्हा कोट आणायला विसरलीस तरी चालेल. पाय मात्र दोन्ही घेऊन ये.